जखमी पक्ष्यांच्या पिंजऱ्याजवळ धूर फवारणी चालेल का?

मखमलाबादची_ताई:
आम्ही चौघीजणी वनखात्याला कळवून जखमी पक्ष्यांची शुश्रूषा करतो. संक्रांतीला नायलॉन मांजाने पंख चिरलेल्या दोन घारी आणि एक गव्हाणी घुबड अजून आमच्याकडेच आहेत. पाऊस उघडल्यापासून संध्याकाळी डासांचे थवे उठतात. शेजारच्या काकू म्हणतात, "तुमच्या पाखरांमुळे गल्लीत डेंग्यू येईल, धुराची गाडी बोलवा." घुबड दोन दिवस खात नाहीये. मला रात्री झोप नाही. फवारणी करू का?

सातपूरचा_निवृत्त_पशुवैद्य:
पिंजऱ्याजवळ धूर अजिबात नको, ताई. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, धूर त्यांना आपल्यापेक्षा फार लवकर बाधतो. शिवाय धुराने मरतो तो उडता डास. पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि अंड्यापासून आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो.

काकूंना सांगा, डेंग्यू पक्ष्यांकडून येत नाही. एडिस डास तो माणसाकडून माणसाकडे नेतो. पक्ष्यांचा मलेरियाही वेगळा, तो आपल्याला होत नाही. रोनाल्ड रॉसने १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांवरच काम करून दाखवलं की मलेरिया डासाच्या चाव्यातून पसरतो. तिथे डास होता क्युलेक्स, गटारीच्या घाण पाण्यात वाढणारा, रात्री चावणारा. तुमच्या घुबडाबाबत मला काळजी या पक्ष्यांच्या मलेरियाचीच आहे. रानात पक्षी हा मलेरिया बहुधा अंगावर काढतात, पण बंदिस्त आणि अशक्त पक्ष्याला तो जड जातो. पेंग्विनसारखे थंड मुलखातले पक्षी तर प्राणिसंग्रहालयांत त्याने पटापट दगावतात. तेव्हा आजच डॉक्टरांकडून रक्ताची काचपट्टी करून घ्या, म्हणजे रक्ताचा थेंब काचेवर घेऊन मलेरियाची तपासणी. उपाशी घुबडाला थांबायला वेळ नसतो.

प्राणिसंग्रहालयातला पक्षी मेला की माणसांनीही कान टवकारावेत, असं मी नोकरीभर सांगत आलो. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला कावळे आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले फ्लेमिंगो मेले. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनमारा यांनी माणसांतल्या मेंदूज्वराशी त्याचा संबंध असणार असा आग्रह धरला. तो निघाला वेस्ट नाईल विषाणू, डासांनीच पसरवलेला.

सिडकोवासी:
आमच्या हौदात गप्पी मासे सोडल्यावर अळ्या संपल्या. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारून बघा. आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे त्या दिवशी पाण्याची सगळी भांडी रिकामी करून सुकवा.

सातपूरचा_निवृत्त_पशुवैद्य:
बरोबर, पण गप्पी मासे हौदातच ठेवा. गोदावरीत किंवा तळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांची पिल्लं ते खातात. पाण्याची भांडी नुसती उपडी करून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटतात, सुकूनही महिनोन्‌महिने जगतात. काथ्याने घासा. पिंजऱ्याला बारीक जाळी लावा, मुख्यतः रात्रीसाठी.

मखमलाबादची_ताई:
काका, काल दुपारभर शोधलं. भांडी स्वच्छ होती. पिंजऱ्याचे खांब बांबूचे आहेत, त्यांची वरची तोंडं उघडी. प्रत्येक पोकळीत पावसाचं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या! ताडपत्रीच्या घडीतही तेच. मोरीची पन्हळ तुंबली होती, तिथे तर पाणी काळंशार. पोकळ्यांत वाळू भरली, पन्हळ मोकळी केली. काकूंना अळ्या बरणीत दाखवल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या कुलरमध्येही असंच दिसतं की!" आज सकाळी त्यांनी कुलर रिकामा केला.

घुबडाची काचपट्टी दिली आहे. त्याने आज उंदराचा अर्धा तुकडा घेतला.