मदत हवी आहे: रेड-ब्रेस्टेड की टायगा फ्लायकॅचर?

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये सकाळी आठच्या सुमारास जुन्या झाडांच्या सावलीत एक छोटा माशीमार (फ्लायकॅचर) दिसतोय. वरून तपकिरी, खालून मळकट पांढरा, गळ्याला नारिंगी अजिबात नाही. शेपटी सारखी वर उडवतो, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा रंग. म्हणजे मादी किंवा पहिल्या हिवाळ्यातला पक्षी; टायगा असेल तर हिवाळी पिसाऱ्यातला नरही. आपल्याकडे रेड-ब्रेस्टेडच नेहमीचा, हे ठाऊक आहे. पण तेवढ्यावर नोंद ठोकायची नाहीये.

पुस्तकात पाहिलं: टायगाची चोच जवळपास पूर्ण काळी आणि शेपटीच्या बुडावरची पिसं काळीकुट्ट, रेड-ब्रेस्टेडची खालची चोच फिकट. पण सावलीत सगळंच काळं दिसतं! ८ बाय ४२ ची दुर्बीण आहे, मोठी लेन्स नाही, मोबाइलच्या फोटोत नुसता ठिपका. आवाज वाजवून पक्षी जवळ बोलवायचा नाही, तो सल्ला कृपया नको. त्याची ‘टर्रर्र’ मात्र बऱ्यापैकी स्वच्छ रेकॉर्ड झालीय. फोनवरचं अ‍ॅप एकदा हे नाव देतं, एकदा ते.

चोच दिसलीच नाही, तर नुसत्या या टर्ररवरून दोघांत खात्रीने फरक करता येतो का? आणि रेकॉर्डिंगमध्ये त्यासाठी नेमकं काय मोजायचं?