मामाचा गाव, ‘मामा तलाव’ आणि मे महिन्यातले पाणी

पाळीपलीकडची यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्यात आणि माझ्या थोरल्या भावात गेली काही वर्षे एक वाद चालू आहे. तो मिटवण्यासाठी तलावाकाठी उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालवलेल्या कुणाची तरी साक्ष मला हवी आहे.

आमचे आजोळ तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात होते. 1979 ते 1986 या काळात परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी आई आम्हा दोघांना घेऊन नागपूरहून निघत असे. गोंदियापर्यंत मोठी गाडी, तिथून चांदा फोर्टच्या बाजूला जाणारी छोट्या रुळांची गाडी आणि शेवटी मामाची बंडी. घर तलावाच्या पाळीच्या अगदी पायथ्याशी होते, म्हणजे तलाव घरातून दिसत नसे. ओसरीवर बसले की समोर फक्त मातीची उंच पाळ आणि तिच्यावरची झाडे. त्या पाळीमागे, आमच्या डोक्यापेक्षा वरच्या पातळीवर, एवढे पाणी उभे आहे ही कल्पना मला रात्री झोपू देत नसे. मात्र पाळीतून झिरपणाऱ्या ओलाव्यामुळे मागच्या अंगणातली जमीन भर उन्हातही पायाला गार लागायची आणि नागपूरच्या उन्हातून आलेल्या मुलांना तेवढे सुख पुरे होते.

त्या तलावाला सगळे ‘मामा तलाव’ म्हणत. तो माझ्या मामाचा आहे म्हणून त्याला तसे म्हणतात, अशी माझी दहाव्या वर्षापर्यंत पक्की समजूत होती. वर्गात मी ती अभिमानाने सांगितलीही होती. मालगुजारी म्हणजे गावाचा सारा गोळा करणारी जुनी जमीनदारी. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन ‘मामा’ झाला आहे, हे कळल्यावर मला जे दुःख झाले, ते भाऊ अजूनही लग्नकार्यात चारचौघांना रंगवून सांगतो.

आता वादाचा मुद्दा. माझ्या आठवणीत तो तलाव मे महिन्यात भरलेला आहे. घाटाच्या तिसऱ्या पायरीवर मी उभी आहे, पाणी गळ्यापर्यंत आहे, मामाने माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला आहे आणि थोड्या अंतरावर कमळाची पाने वाऱ्याने उलटत आहेत. भाऊ म्हणतो की हे सगळे मी नंतर मनाने रचले आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे मे महिन्यात तिथे भेगाळलेला चिखल आणि मधोमध एक मोठे डबके एवढेच असायचे, गावातली पोरे त्या चिखलात हाताने मासे धरायची आणि भोपळा बांधून मी पोहायला शिकले ती शेतातल्या विहिरीत. आमच्याकडे त्या काळातला एकही फोटो नाही.

तर त्या भागातल्या किंवा कुठल्याही तलावाकाठच्या जाणकारांनी सांगावे, उन्हाळ्यात पोहण्याइतके पाणी असायचे का? जाता जाता आणखी एक शंका आहे. पाळीला लागून पाण्यात एक दगडी बांधकाम होते, त्याला वरपासून खालपर्यंत भोके होती आणि ती लाकडी खुंट्यांनी बंद केलेली असत. आम्हाला त्याच्या जवळ जाण्याची सक्त मनाई होती. त्याला काय म्हणतात?

झाडीपट्टीकर यांचा प्रतिसाद

ताई, दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून आधी दुसरा घेतो. त्या बांधकामाला आमच्याकडे तुडुम म्हणतात. धानाला पाणी द्यायचे असेल तेव्हा सर्वांत वरच्या भोकाची खुंटी काढत. पाणी तेवढे उतरले की त्याखालचे भोक आणि मग त्याखालचे, असे पायरीपायरीने तलावाचे पाणी पाटात सोडले जाई. मुलांना मनाई असण्याचे कारण उघड आहे, कारण उघड्या भोकाशी पाण्याची ओढ विलक्षण असते आणि वरून ती दिसत नाही. जास्तीचे पाणी पाळीवरून वाहून पाळ फुटू नये म्हणून एका टोकाला सांडवा असतो, त्याला सलंग म्हणतात.

आता मे महिन्याविषयी. हे तलाव उन्हाळ्यासाठी बांधलेलेच नव्हते. आपला पाऊस तसा भरपूर, पण तो नेमका धान निसवण्याच्या सुमारास दगा देतो. त्या पंधरा-वीस दिवसांत पीक वाचवणे हे या तलावांचे मुख्य काम. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेने जोखून हे तलाव बांधले. नवेगावबांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. त्याच्या भोवतीच्या डोंगरांना सात बहिणी म्हणतात आणि कोलू पाटलांचीच पुढे कोलासुर म्हणून पूजा होऊ लागली. देव होण्यासाठी तलाव बांधणे पुरेसे ठरते, हे मला फार योग्य वाटते.

म्हणजे परतीचा पाऊस चांगला झाला असेल, तर तुडुमाची खालची भोके उघडायची वेळच येत नसे आणि मे महिन्यातही तलावात पुरुषभर पाणी उरत असे. ज्या वर्षी पाऊस रुसला, त्या वर्षी दिवाळीपर्यंतच शेवटचे भोक उघडले जाई. त्यानंतर त्या भोकाच्या पातळीखाली जे पाणी राही, त्याला शेतीसाठी कुणी हात लावू शकत नसे. ते गुरांचे, धुण्याचे आणि माशांचे पाणी, निस्ताराचे पाणी. आपल्या बंधूंचे डबके ते हेच असावे. चिखलात हाताने मासे धरण्याचे म्हणाल, तर मरळ आणि मागूर हे दोन्ही मासे वरची हवा घेऊन जगू शकतात, त्यामुळे उथळ गढूळ पाण्यात शेवटपर्यंत तेच टिकतात आणि पोरांच्या हाती लागतात, म्हणजे लागलेच तर. आमच्याकडचे ढिवर, म्हणजे मासेमार, मात्र पोरांच्या या चिखलातल्या पराक्रमाकडे डोंग्यात बसून हसत पाहत असत.

आपण दोघांनी बहुधा वेगवेगळी वर्षे लक्षात ठेवली आहेत. बंधू किती वर्षांनी मोठे आहेत, ते कळले तर बरे होईल.

एक गोष्ट खेदाने नोंदवतो. 1951 साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. नागपूर विभागात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पूर्वी गावच्या लोकांनी मिळून गाळ काढायचा, पाळ दुरुस्त करायची ही जी रीत होती, ती मालक बदलल्यावर हळूहळू सुटली. आज कित्येक तलावांत गाळ आणि बेशरमाची झुडपे मिळून निम्मी जागा खाल्लेली आहे, त्यामुळे आजचा तलाव पाहून चाळीस वर्षांपूर्वीच्या मे महिन्याचा अंदाज बांधू नये.

शेंडीचा पाहुणा यांचा प्रतिसाद

माझी साक्ष वेगळ्या पाण्याची आहे. वडील पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांच्या नेमणुकीमुळे माझ्या पाच सुट्ट्या भंडारदऱ्याला, जलाशयाजवळच्या सरकारी घरात गेल्या. प्रवरेवरचे ते धरण 1926 साली पूर्ण झाले. त्याला विल्सन यांचे नाव आणि मागच्या जलाशयाला ऑर्थर यांचे, म्हणजे धरण एका साहेबाचे आणि पाणी दुसऱ्याचे.

आपल्या वादात मला जे जाणवले ते असे, की आपल्याकडच्या तलावाला उन्हाळ्यात ठरलेला काठ नसतो. सुट्टी लागली की पहिल्या दिवशी मी आणि माझा मित्र पाण्याच्या कडेला एक दगड मांडायचो. खालच्या कालव्यांना आवर्तन सुटले की पाणी त्या दगडाला सोडून मागे सरकायचे, मग दुसरा दगड, मग तिसरा. जूनच्या सुरुवातीला पहिल्या दगडापाशी उभे राहिले की खाली उतरत गेलेली दगडांची ओळ दिसायची, आणि सुट्टी किती उरली हे आम्हाला कॅलेंडरपेक्षा त्या ओळीवरून अधिक नेमके कळायचे. पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडे, तिच्यावर कधी शंख-शिंपले, कधी एखाद्या जुन्या बांधाची दगडी रेघ सापडे. धरणापूर्वी इथे कुणाचे तरी शेत होते, हे आम्हाला वडिलांनी एकदाच सांगितले आणि त्यानंतर त्या रेघेवर आम्ही क्रिकेटच्या यष्ट्या रोवल्या नाहीत.

मेच्या अखेरीस, वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेले की काजवे येत. आता त्यांच्यासाठी गाड्यांची रांग लागते असे ऐकतो. आमच्या वेळी रात्री दिवे गेले की आई आम्हाला घराबाहेर काढायची. समोरचे अख्खे झाड एकाच लयीत उजळून विझायचे आणि शेजारचे झाड क्षणभराने त्याला उत्तर द्यायचे.

तेव्हा ताई, आपली तिसरी पायरी खरी असू शकेल, पण कुठल्या आठवड्यातली, हे आठवते का?

माहेर धामापूर यांचा प्रतिसाद

आमच्या मालवण तालुक्यातल्या धामापूरच्या तलावाला मात्र मे महिन्यातही भरपूर पाणी असते, हे खात्रीने सांगते. तो 1530 साली नागेश देसाई यांनी बांधला असे मानतात आणि 2020 साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचे देऊळ आहे आणि देवळापासून पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. आम्ही मुले त्या पायऱ्यांवर बसून रायवळ आंबे चोखायचो आणि बाठे कुणाचे लांब जातात यावर पैज लावायचो. पुढे मोठेपणी देवस्थानच्या तळीत बाठे टाकल्याची लाज वाटली, तेव्हा फार उशीर झाला होता.

आजी सांगायची, की पूर्वी लग्नघरच्या बाईने फुलांची परडी तलावात सोडली की दागिन्यांनी भरलेली परडी वर येई आणि लग्न आटोपल्यावर दागिने परत करायचे असत. कुणीतरी ते ठेवून घेतले आणि देणे बंद झाले. आपल्याकडच्या तलावांनीही असे काही दिले होते का? उत्सुकता म्हणून विचारते.

झाडीपट्टीकर यांचा प्रतिसाद

दिले होते तर! ताडोब्याच्या तलावाची कथा अगदी अशीच आहे, फक्त तिथे दागिन्यांऐवजी यात्रेकरूंना भांडी मिळत आणि एकाने ती परत केली नाहीत. कोकणाला सोने आणि आम्हाला भांडी, हा अन्याय तलावांनीही केलेला दिसतो.

ओंटारिओवासी यांचा प्रतिसाद

मी मूळचा साताऱ्याचा, गेली बावीस वर्षे टोरांटोजवळ राहतो. इथे तळ्याकाठच्या घराला कॉटेज म्हणतात. आम्ही चार मराठी कुटुंबे मिळून दर जुलैत मस्कोका भागात एक भाड्याने घेतो. मुले सकाळी लाकडी धक्क्यावरून पाण्यात उड्या मारतात आणि संध्याकाळी लून पक्ष्याची ती लांबलचक हाक ऐकत कणसे भाजतात. ‘शेंडीचा पाहुणा’ यांचे दगड वाचून एकदम लक्षात आले, की गेली अकरा वर्षे आमच्या धक्क्यापाशी पाणी जवळजवळ त्याच खुणेवर आहे. ही पातळीसुद्धा लहान लहान बंधाऱ्यांनी राखलेली असते, कारण ती हलली तर सगळ्यांचे धक्के आणि होड्या अडचणीत येतील. माझ्या मुलांना पुढे असला वाद घालता येणार नाही. त्यांना भांडायला दुसरे काहीतरी शोधावे लागेल आणि ती शोधतीलच.

पाळीपलीकडची यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. तुडुम हा शब्द वाचताच आजोबांच्या आवाजात ऐकू आला, “तुडुमापाशी जाऊ नका” हे वाक्य आम्ही दिवसातून चार वेळा ऐकत होतो आणि तरी शब्द मात्र विसरले होते.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आहे. त्याला हा धागा वाचून दाखवला. वेगवेगळ्या वर्षांची कल्पना त्याला मान्य आहे, पण भोपळा विहिरीतच बांधला होता यावर तो ठाम आहे. आठवडा कुठला, हे मला सांगता येत नाही. टेंभरं (तेंदूची फळे) खाऊन झाली होती आणि चारं (चारोळीची फळे) पिकत होती एवढेच आठवते, म्हणजे मेचा पहिला पंधरवडा असावा.

शेवटी काल मामीला फोन केला. तिने आता ऐंशी ओलांडली आहे. मी मोठ्या आशेने विचारले, तर ती म्हणाली, “तुमी कोठं पोहत होते ते मले का मालूम? मले पावलं मालूम हायेत.” घरची विहीर उन्हाळ्यात फक्त पिण्यापुरती, म्हणून धुणे आणि भांडी रोज पाळ चढून तलावावर न्यावी लागत. आम्ही पाहुणे गेलो की धुण्याच्या दोन बादल्यांच्या चार होत. घाटाच्या शेवटच्या पायरीपासून पाण्यापर्यंत किती चालावे लागते, हे ती मोजत असे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चाळीस-पन्नास पावले आणि मेअखेरचा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दोनशेच्या वर. एका वर्षी तर चिखलातून जाण्यासाठी मामाने तिला दगड टाकून वाट करून दिली होती.

मी विचारले, घाटाच्या तिसऱ्या पायरीला पाणी असे एखादे वर्ष आठवते का. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, एक साल होतं, त्या साली मी मोजलंच नाही.