सही-क्रमांकाच्या प्रिंट: कोल्हापूरच्या चित्रकारांनी काढाव्यात की नाही?

दसरा चौककर
शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन बघायला गर्दी असते, पण चित्र घेऊन बाहेर पडणारा क्वचित दिसतो. रंकाळ्याचं किंवा पंचगंगा घाटाचं चांगलं जलरंगचित्र पगारदार माणसाला झेपत नाही. चित्रकारालाही मूळ चित्राचे पैसे एकदाच मिळतात. म्हणून माझं म्हणणं, आपल्या चित्रकारांनी मूळ चित्र स्कॅन करून स्वतः त्याच्या मर्यादित छापील प्रती काढाव्यात. कॉटन पेपर, सहसा लवकर न विटणारी पिगमेंट शाई, प्रती ५० आणि खाली पेन्सिलीने ७/५० (पन्नासातली सातवी) असा क्रमांक व सही. आपण कलापूर म्हणून मिरवतो आणि बैठकीत लावतो काय, तर बाजारातला छापील धबधबा!

शिळाप्रेस
माझा विरोध आहे. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावर सुईने ओरखडून चित्र छापतात त्यात, रेघेची उठलेली कड दाबाखाली बसत जाते, प्रती फिक्या पडतात. तिथली मर्यादा खरी. फाइलमधून ५१वी प्रत पहिलीसारखीच निघते, मग मर्यादा नुसती शब्दावर. आणि चित्र घराघरांत जायला हवं असेल तर मर्यादा हवीच कशाला? रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरापर्यंत पोचल्या, त्या क्रमांक टाकून नव्हे.

दसरा चौककर
तोच छापखाना तोट्यात जाऊन विकावा लागला, तेही सांगा की. चित्रकाराच्या पदरात काय पडतं हा माझा मुद्दा आहे. पन्नासच निघणार याची खात्री असेल तरच लोक बरी किंमत देतात.

फ्रेमची पट्टी
माझा धंदाच फ्रेमचा, तेव्हा जे हाताखालून जातं ते सांगतो. जलरंगात खरबरीत कागदाच्या खळग्यांत रंग साचतो, वाळल्यावर दाणे दिसतात. परवा एक प्रिंट आली, तिच्यात त्या खळग्यांची सावलीसुद्धा छापलेली होती आणि कागद मात्र गुळगुळीत. भिंग लावलं की शाईचे ठिपके दिसतात. गिऱ्हाईक त्याला ‘ओरिजनल’ म्हणत होतं! त्यात आधी कुणीतरी साधा पुठ्ठा लावलेला, कडेने पिवळा पट्टा उमटलेला. माउंट, म्हणजे चित्राला लावायचा पुठ्ठा, आम्लरहितच हवा आणि भिंत उन्हाची नको. मला विचाराल तर त्या पैशात एखाद्या तरुण चित्रकाराचं पोस्टकार्डाएवढं स्केच घ्या. कलानिकेतन, दळवीज मधून शिकलेली किती पोरं घाटावर बसून झकास काम करतात.

कागदोपत्री
एक गोष्ट कुणीच बोलेना. मूळ चित्र विकत घेतलं म्हणून प्रिंट काढायचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कायद्याने कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचं वेगळं, तिथे दुसरा करार नसेल तर हक्क काढवून घेणाऱ्याचा. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान १९३१ मध्ये गेले. तेव्हा मुदत मृत्यूनंतर ५० वर्षांची होती, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट १९८१ अखेर संपला. त्यांच्या चित्राची कुणी ‘मर्यादित’ प्रिंट विकत असेल, तर दुसऱ्याला तेच चित्र छापायला कॉपीराइट आडवा येत नाही. तिथे क्रमांकाला जादा पैसे का मोजायचे?

दसरा चौककर
आबालालांबद्दल मान्य, मी हयात चित्रकारांविषयी बोलतोय. आणि स्केच घ्याच, पण रंकाळ्यातल्या संध्यामठाचं मोठं चित्र मनात भरलं तर पोस्टकार्डावर समाधान कसं मानायचं? प्रिंटला प्रिंट म्हणा. प्रमाणपत्रावर एकूण प्रती, चित्रकाराने स्वतःकडे ठेवलेल्या प्रती, कागद, शाई, छपाईचं वर्ष लिहा. दुसऱ्या आकारात काढणार असाल तर तेही आधीच सांगा. एवढं लेखी देणाऱ्याकडून मी आनंदाने घेईन.

शिळाप्रेस
लेखी दिलं तरी ती फोटोचीच छपाई राहील. त्यापेक्षा चार चित्रकारांनी मिळून एचिंगचा (पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापायचा) प्रेस घ्यावा आणि छपाईसाठीच नवी चित्रं करावीत. पत्र्यावर स्वतः रेघ ओढलेली असेल, तर ७/५० ला मीही पैसे मोजीन.