सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पुरवठ्यात मिसळावे का?

जलवेध:
मैलापाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ पाण्याचा असतो आणि पावसाने ओढ दिली तरी ते रोज येतच राहते. असे असताना ते शुद्ध करून पिण्यासाठी घेण्यास आपण का कचरतो, हे मला उमगत नाही. नामिबियातील विंडहुक शहर १९६८ पासून हेच करीत आले आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, मैलापाण्यात ते बहुधा एक ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे खारे पाणी गोडे करण्यापेक्षा येथे वीज कितीतरी कमी लागते. शिवाय नदीच्या वरच्या अंगाची गावे जे सोडतात तेच खालची गावे उपसून पितात. मध्ये नदी दिसते, एवढ्यानेच मनाचे समाधान होते.

काठावरून:
मन शंका घेते, यात मनाचा दोष नाही. ऑस्ट्रेलियातील तुवुंबा शहराने २००६ साली मतदान घेऊन अशी योजना नाकारली; त्या साऱ्यांना अडाणी ठरवणे मला मान्य नाही. गटारात औषधांचे अंश येतात, कारखान्यांतील द्रावके येतात, आणि एनडीएमए या घातक रसायनासारखे काही रेणू तर इतके लहान असतात की आरओच्या, म्हणजे दाबाने पाणी गाळून क्षार अडवणाऱ्या, पडद्यातूनही निसटतात. पडद्यातून शंभर लिटर पाणी दाबले की पंधरा-वीस लिटर क्षारांचे दाट पाणी मागे उरते; समुद्रापासून दूर असलेल्या शहराने ते कोठे सोडावे? सिंगापूरचे उदाहरण सारेच देतात, परंतु तेथील ‘न्यूवॉटर’चा, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा, मोठा वाटा चिप बनवणाऱ्या कारखान्यांकडे आणि इमारतींच्या शीतकरणाकडे जातो. आधी आपणही तेवढेच करावे आणि नळांची गळती थांबवावी.

निवळी:
मी शुद्धीकरण केंद्रात काम करते, म्हणून लिहिते. एनडीएमए पडद्यातून निसटते हे खरे. म्हणूनच पडद्यानंतर अतिनील किरणांचा तीव्र मारा असतो आणि त्यात तो रेणू तुटतो. कारखान्यांच्या पाण्याबद्दल विंडहुकने घेतलेला निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो: ते पाणी घरगुती मैलापाण्यात येऊच द्यायचे नाही, त्याची वाट वेगळी. दाट क्षारपाण्याच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही.

पडदा निकामी झाल्याचे कळते कसे, तेही सांगते. पडदे बसवलेल्या नळकांड्यातील एका जोडाची रबरी कडी झिजली तरी क्षार निसटतात आणि बाहेर येणाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता चढू लागते. मग आम्ही एक बारीक नळी आत सरकवत प्रत्येक जोडापाशी पाणी घेतो आणि आकडा जेथे उडी मारतो तेथली कडी बदलतो. एवढ्याशा त्या रबरी कडीवर हजारो लोकांचे पाणी अवलंबून असते.

काठावरून:
माझी भीती नेमकी त्या कडीचीच आहे. काही वर्षांपूर्वी एका केंद्रात मी पाहिले होते की मापक बंद पडलेला होता आणि नोंदवहीत मात्र सलग नऊ दिवस एकच आकडा, एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखा भरलेला होता. बागेला जाणाऱ्या पाण्यात ही हयगय कदाचित खपून जाईल. तान्ह्या मुलाच्या दुधात मिसळायच्या पाण्यात ती खपणार नाही.

जलवेध:
हा आक्षेप मी मान्य करतो. तंत्राविषयीच्या आक्षेपांपेक्षा तो जड आहे. परंतु अशी नोंदवही धरणाच्या पाण्याच्या केंद्रातही भरली जाऊ शकते, आणि ते पाणी आपण आज विनातक्रार पितो. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटी २००८ पासून शुद्ध केलेले पाणी आधी जमिनीत मुरवते आणि नंतर उपसते. चूक झालीच तर ती ध्यानात येण्यास त्यामुळे अवधी मिळतो. तसा भूजलाचा थर हाताशी असेल तर तेथूनच सुरुवात व्हावी.

काठावरून:
मापकाचे आकडे कोणाच्याही हाताने लिहिले न जाता थेट लोकांना दिसणार असतील आणि मर्यादा ओलांडताच झडप आपोआप बंद होणार असेल, तर जमिनीत मुरवण्यापुरता माझा विरोध मी मागे घेतो. थेट नळात मात्र अजून नाही.