आईचा रुमॅटॉइड आर्थरायटिस, पथ्यांची लांबलेली यादी आणि उतरलेलं मन: सल्ला हवा आहे

मंगळवारपेठ_लेक
नमस्कार. आईसाठी लिहितेय. वय ५४. रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, निघून दोन-अडीच वर्षं झाली. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. सुरुवातीला स्टेरॉइड होतं, ते डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केलं. बोटांची सूज बरीच ओसरली, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खाली आला. डॉक्टर समाधानी आहेत, काळजीत आहोत ते आम्ही घरचे.

कारण आईचं खाणं. भेटायला येणारं प्रत्येक माणूस तिच्या ताटातला एक पदार्थ कमी करून जातं. आत्यानं तूरडाळ बंद सांगितली. शेजारच्या काकूंनी वांगं, बटाटा, टोमॅटो. देवळात भेटलेल्या एकीनं दही-ताक. मग कुणाचा तरी व्हिडिओ आला आणि दूध-गहू गेले. मटण-मासे तर पहिल्या महिन्यातच बंद झाले. आता भाकरी, मुगाचं वरण आणि दुधी-दोडका एवढंच उरलंय. वजन उतरलं. रविवारी घरात तांबडा-पांढरा असतो तेव्हा ती आधीच जेवून घेते आणि आतल्या खोलीत पडून राहते. चुलतभावाच्या लग्नाला "तिथं मला काय चालणार" म्हणून गेलीच नाही. पहाटे जाग येते, मग झोप नाही. परवा भाकरी थापता थापता हात थांबला, पीठ परातीत तसंच, आणि ती ओट्याला टेकून उभी. मी परात ओढून घेतली तर म्हणाली, "आता माझा घरात उपयोग काय."

यातलं कुठलं पथ्य खरंच लागतं? मनाचं वेगळं दाखवावं का, की सांधे सुधारले की तेही सुधारेल? कोल्हापुरात कुठं जावं? आणि नवरात्र तोंडावर आलंय. ती नऊ दिवस उपवास धरणारच.

राजारामपुरी_काकी
बाळ, मी स्वतः याच आजाराची, बऱ्याच वर्षांची. खाण्याचं जाणकार सांगतीलच. मी तुला परातीबद्दल सांगते. काम काढून घेऊ नकोस, कामाची वेळ बदल. सकाळी आमचे हात धरलेले असतात, तासभर बोटं वळत नाहीत. त्या वेळेला भाकरी थापायला लावलं की भाकरी फाटते आणि जीवही फाटतो. मी उठल्यावर हात कोमट पाण्यात ठेवते, बोटं मोकळी करते आणि भाकरी अकरानंतर करते. जमेल तेवढ्या मी थापते, बाकीच्या सून. डबे उघडणं, पिळून घ्यायची धुणी, जड कुकर या गोष्टी मात्र दुसऱ्यानं कराव्यात.

दुसरं, आईला एकटीला जेवू देऊ नको. पथ्याचं वेगळं पातेलं चढलं की माणूस घरातच पाहुणा होतो. आमच्याकडं आमटी सगळ्यांची एकच होते, तिखट वरून घेतात.

काही खाल्ल्यावर दुखतं असं खरंच वाटत असेल तर वहीत लिहायला सांग. एका वेळेला एकच पदार्थ दोन-तीन आठवडे सोडायचा, मग परत खाऊन बघायचा. परत खाऊन बघणं कुणी करत नाही, म्हणून यादी नुसती वाढत जाते. मला वांग्यानं काहीच होत नाही.

शाहूपुरी_आहारतज्ज्ञ
काकींनी वहीचं सांगितलं ते अगदी योग्य. आता यादीकडं येते.

त्यातला काही भाग दुसऱ्याच आजाराचा आहे. मटण, मासे मोजून खा हे पथ्य गाउटचं, युरिक ॲसिड वाढतं त्या दुखण्याचं. आईच्या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. डाळीनं, वांग्या-बटाट्यानं हा आजार बळावतो याला पुरावा नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत एकाच आहारपद्धतीची शिफारस केली, तीही सौम्य शब्दांत: भूमध्य सागराकाठचा आहार. म्हणजे भाज्या, फळं, कडधान्यं, कोंड्यासकट धान्य, दाणे-बिया, मासे, ऑलिव्ह तेल; साखर, मैदा, तळण, मीठ कमी. उपास, एकेक पदार्थ वगळत जाणं, कीटो (जवळपास पिष्टमय पदार्थ न खाण्याचा आहार) या आहारांना आणि पूरक गोळ्यांना त्यांनी पाठिंबा दिला नाही. आणि हा आहार औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही.

हे कोल्हापुरी स्वयंपाकघरात बसवायला फार काही लागत नाही. भाकरी आहेच. मेथी, आंबाडी, घेवडा, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. जवस भाजून, लसूण-तिखट घालून चटणी करा, रोज दोन चमचे. पण जवसातलं ओमेगा-३ शरीराला फार थोडंच वापरता येतं, त्यामुळं मासे चालत असतील तर बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा. कोकणातून येतात, महागही नसतात. तळण्याऐवजी कालवण करा. ऑलिव्ह तेलासाठी खर्च करत बसू नका, शेंगतेल बेतानं वापरा.

मला खरी काळजी वाटते ती उतरलेल्या वजनाची. हा आजार स्नायू झिजवतो, स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात. अशा बाईची तूरडाळ, दही, दूध, अंडी, मटण सगळं एकदम बंद करणं म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही तोडणं. तूरडाळ आणि ताक उद्यापासून सुरू करा, हळूहळू अंडं. रविवारी तांबड्याचा तवंग काढून वाटीभर रस्सा आणि दोन-चार फोडी तिनं सगळ्यांबरोबर बसून खाव्यात.

एक गोष्ट मात्र नको: गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, कच्च्या दुधातल्या जंतूंचा तिला धोका जास्त. दूध उकळूनच.

गडहिंग्लजचा_पाटील
ताई, आमच्या आईला बी हेच हाय. गावात एकजण गुळवेलीचा काढा देतो, लोकं लांबनं येत्यात. दुसऱ्या एकाकडं काळसर पुड्या मिळत्यात, चार दिवसांत सूज उतरती म्हणं. मी अजून दिलं न्हाई, खरं लोकं लई सांगाय लागल्यात. द्यावं का?

निवासी_डॉक्टर_मेडिसिन
पाटील दादा, दिलं नाही ते उत्तम केलं. देऊच नका. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून लोक घेतात, आणि या आजारात प्रतिकारशक्तीच चुकीच्या दिशेला चेतलेली असते. गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगतो. पण मेथोट्रेक्सेट चालू असताना लिव्हरवर आधीच लक्ष ठेवावं लागतं, त्यात ही भर नको. चार दिवसांत सूज उतरवणाऱ्या बिननावाच्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आराम पडतो, मग साखर वाढते, हाडं जातात आणि पुडी अचानक बंद केली की माणूस कोसळतो.

लेक ताई, आता तुमच्या आईबद्दल. मेथोट्रेक्सेट घेतल्यावर दीड-दोन दिवस मळमळ होते का, बघा. बऱ्याच जणींना होते आणि दोष त्या दिवशी खाल्लेल्या पदार्थावर जातो. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा. फॉलिक ॲसिड वाढवणं, गोळी रात्री जेवणानंतर घेणं किंवा इंजेक्शन असे मार्ग असतात. हिमोग्लोबिन, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि थायरॉइडही तपासून घ्या.

मनाचं वेगळं दाखवाच. २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा या आजाराच्या रुग्णांत तीव्र नैराश्याचं प्रमाण सुमारे १७ टक्के निघालं. प्रश्नावलीनं मोजलं तर ३९ टक्क्यांच्या आसपास. त्याला नुसतं "दुखतंय म्हणून खचली" हे कारण पुरत नाही. आयएल-६, टीएनएफ ही सांधे सुजवणारी रसायनं मेंदूवरही काम करतात. भूक, झोप, उमेद तिथं बिघडते. आणि सीआरपी खाली आला म्हणून मन आपोआप वर येईलच असं नाही. उलट नैराश्य तसंच राहिलं तर दुखणं जास्त जाणवतं, औषध चुकतं, डॉक्टरांना वाटतं गोळी लागू पडत नाही.

पहाटेची जाग, वजन, लग्न टाळणं, "माझा उपयोग काय" ही सगळी लक्षणं आहेत. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी असते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. दहा किंवा जास्त गुण आले तर पुढं तपासणी हवी. शेवटचा प्रश्न जीव द्यावासा वाटतो का, हा आहे. तो टाळू नका. विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, तिथून सुरुवात करता येते. टेली-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी फोन क्रमांक २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आईच्या तोंडी मरणाची भाषा आली तर मात्र वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.

आहाराचा मनावर परिणाम होतो का, तर होतो असं मानायला जागा आहे. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार सुधारलेल्या गटात ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, नुसत्या गप्पा-सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. अभ्यास लहान होता आणि ते संधिवाताचे रुग्ण नव्हते. त्यामुळं आहार सुधारा, पण मानसोपचाराऐवजी नव्हे.

मंगळवारपेठ_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. मळमळीचं अगदी खरं आहे, गोळीच्या दुसऱ्या दिवशी ती जेवतच नाही. तूरडाळ आणि ताक सुरू करतेय. पण मानसोपचार म्हटलं की "मी काय वेडी आहे का" म्हणेल. विषय कसा काढायचा?

निवासी_डॉक्टर_मेडिसिन
सांध्यांच्या डॉक्टरांपासूनच सुरुवात करा. पुढच्या खेपेला आईसमोर झोप, भूक, थकवा सांगा, "मन" हा शब्द पहिल्यांदा काढूच नका. त्यांनी चिठ्ठी दिली की ती उपचाराचाच भाग वाटते. नैराश्याची गोळी लागलीच तर चालू औषधांची यादी दोन्ही डॉक्टरांकडं असू द्या.

शाहूपुरी_आहारतज्ज्ञ
नवरात्राचं राहिलं. नऊ दिवस साबुदाणा आणि बटाटा नकोच. धरायचाच असेल तर भगर, राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही, दूध, फळं असं तीन वेळा पोटभर. दुखण्याच्या गोळ्या रिकाम्या पोटी अजिबात नाहीत. मेथोट्रेक्सेटचा वार उपवासात आला तरी तो पुढं-मागं करायचा नाही, आणि ही आठवड्याची गोळी चुकूनही रोज घ्यायची नाही. ती चूक जिवावर बेतते.

राजारामपुरी_काकी
उठता-बसता धर म्हणावं. घट बसतात तो एक दिवस आणि उठतात तो एक. आमच्या घरी सासूबाईंनीच मला आजार निघाल्यावर तसं करायला लावलं. ललिता पंचमीला टेंबलाई देवीच्या टेकडीवर फार गर्दी असते, रांगेत उभं राहून गुडघे धरतात. एक दिवस आधी रिक्षानं घेऊन जा आणि तिची एखादी जुनी मैत्रीण बरोबर घे. तुझ्याजवळ नाही बोलली ते तिच्याजवळ बोलेल.