शाळेच्या गेटवर रोज रडारड: गुपचूप निघून यावं की सांगून?

नाशिककर आई

नमस्कार. मुलगा यंदा नर्सरीत गेला. जन्म नोव्हेंबर अखेरचा. 31 डिसेंबरपर्यंत तीन पूर्ण होतात म्हणून नियमात बसला, पण जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा अडीचच्या जरासा पुढे. वर्गात सगळ्यांत लहान बहुतेक तोच.

सुरुवातीला फुगे, औक्षण, चॉकलेट, त्यात स्वारी खूश होती. हे रोजचंच आहे हे लक्षात आल्यावर खरा गोंधळ सुरू झाला. आता गणवेश दिसला की सकाळचं दूध उलटतं. गेटवर माझी ओढणी अशी मुठीत पिळून धरतो की शाळेतल्या मावशींना एकेक बोट सोडवावं लागतं. बाई म्हणतात, "आम्ही त्याला खेळण्यांकडे वळवतो, तेवढ्यात तुम्ही सटका." परवा तसं केलं. त्या दिवशी घरी आल्यावर मी बाथरूमला गेले तरी दाराशी येऊन बसत होता.

डबा जसा देते तसा परत येतो. शू घरी येईपर्यंत धरून ठेवतो, नाहीतर चड्डीत होते. विचारलं तर काही सांगत नाही.

सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला कशाला कोंडताय, पुढच्या वर्षी घाला. हे सातपूरला पहिल्या पाळीला असतात, त्यामुळे सोडायला मीच. फी भरून झाली आहे, हेही एक. गुपचूप निघून येणं बरोबर आहे का? आणि वर्षभर घरी ठेवलं तर मागे पडेल का?

वऱ्हाडी बाबा

काही होत नाही हो, रडू द्या. आमची पोरगी रडली तेव्हा मीच गेटबाहेर स्कूटरवर बसून डोळे पुसत होतो, आणि ती आत मजेत. आमच्या विदर्भात शाळा तुमच्यानंतर उघडतात, जूनच्या शेवटी, पण रडणं सगळीकडं सारखंच. दिवाळीपर्यंत सुट्टीच्या दिवशीही "शाळेत चल" म्हणेल. फक्त सुट्ट्या पाडू नका. एक दिवस घरी ठेवलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट रडते, हा आमचा अनुभव.

बालवाडीवाल्या ताई

सांगून या. रडला तरी सांगूनच या.

मी हडपसरच्या एका वस्तीत बालवाडी चालवते, केस तिथेच पिकले. जूनचा दुसरा पंधरवडा म्हणजे आमचा कानात बोळे घालायचा काळ, त्यामुळे तुमच्या बाईंचीही मला कीव येते. पण सटकायचा सल्ला चुकीचा. तुम्ही सटकलात की रडणं पाच मिनिटं उशिरा सुरू होतं, बाकी काही नाही. मुलाला मात्र कळतं की आपली पाठ वळली की आई गायब होते. म्हणून तर तो बाथरूमच्या दाराशी बसला. आणि आता बाईंनी कितीही छान खेळणं दाखवलं तरी तो त्याकडे बघणार नाही. गेल्या खेपेला बघितलं तेव्हा आई गेली होती ना!

निरोपाचं एकच वाक्य ठरवा आणि रोज तेच म्हणा. "मी आता घरी जाते. डबा झाला, गोष्ट झाली, की मी या गेटपाशी उभी." एक पापी, मावशींच्या हातात हात, की चालू लागा. जाळीतून डोकावू नका. जेमतेम थांबलेलं रडं तुमचा कुडता दिसला की परत पहिल्यापासून सुरू होतं, आणि मग ते आम्हाला निस्तरावं लागतं. "पाच मिनिटांत आले" हे तर कधीच म्हणू नका. त्याला घड्याळ कळत नाही, पण गोष्टीनंतर आई हे नक्की कळतं. बाईंकडून वर्गाचा क्रम विचारून घ्या: प्रार्थना आधी की खेळ, डबा केव्हा, शेवटी काय. घरी बाहुल्या-गाड्या मांडून तोच क्रम खेळा. बाई त्याला होऊ द्या, तुम्ही रडणारं मूल व्हा. बघा कसा दटावतो तुम्हाला! तो कसा दटावतो त्यावरून वर्गात काय चालतं याचाही अंदाज येतो.

न्यायला वेळेच्या थोडं आधीच पोचा. सगळी मुलं गेली आणि आपण मावशींबरोबर पायरीवर उरलो, हे एकदा झालं तरी पुढचे बरेच दिवस महागात पडतं.

आता डबा. यावर मी जरा जास्तच बोलते, सोसा.

डबा भरा, दप्तरात घाला, चेन लावा. दप्तर त्याच्यापुढे ठेवा आणि स्वतःचे हात मागे बांधून बसा. काही सांगू नका, नुसतं बघा. चेनचा तो एवढासा टोकाचा पत्रा त्याच्या चिमटीत येतो का? डबा आडवा अडकला तर ओढून काढतो का? मग झाकण. स्टीलच्या डब्याच्या दोन्ही बाजूंच्या कड्या या वयाच्या अंगठ्याला उचलत नाहीत. हवाबंद प्लास्टिकचा डबा नवा असेल तर मलाच नख घालावं लागतं. माझ्याकडे दरवर्षी असं एखादं तरी पोर असतं, डबा मांडीवर घेऊन शेजारच्याच्या तोंडाकडे बघत बसलेलं. बाईंशी अजून ओळख नाही, मग "उघडून द्या" म्हणणार कसं? आणि घरी आई म्हणते, याला भूकच नाही. सैल झाकणाचा, एका हाताने उघडेल असा साधा डबा घ्या. त्यात तूप-साखर लावलेल्या पोळीची सुरळी द्या, दोन बोटांत धरून खाता येते. पालेभाजी, पौष्टिक लाडू वगैरे सगळं श्रावणात बघू. आत्ता डबा रिकामा होणं महत्त्वाचं.

शूचंही तसंच. घरी कमोड आहे का? शाळेत बहुतेक ठिकाणी उकिडवं बसायचं असतं. ज्याला ती सवय नाही ते पोर त्या भोकाला घाबरतं. त्यातून फरशी ओली, दिव्याचं बटण उंचावर, आणि दार आपोआप धाडकन लागणारं. शाळा सुटल्यावर मावशींना विचारून तुम्ही स्वतः त्याला तिथे घेऊन जा. दिवा लावून दाखवा, मग्याने दोन-चार वेळा पाणी ओतू द्या, दार कोण धरून उभं राहणार ते मावशींकडून त्याच्यासमोर वदवून घ्या. गणवेशाच्या पँटला हुक असेल तर इलास्टिकची चालेल का विचारा. कुठलीही शहाणी शाळा हो म्हणेल. दप्तरात एक जादा चड्डी ठेवा आणि ती कुठल्या कप्प्यात आहे हे त्याला माहीत असू द्या. आणि हो, चड्डीत होते म्हणून पाणी कमी पाजू नका. धरून ठेवून ठेवून लघवीला जळजळ किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे न्या.

सासूबाईंशी काय ते बोला, पण तो झोपल्यावर. "कोंडताय" हा शब्द त्याने ऐकलाय असं धरून चाला. आणि घरात कुणी "थांब, तुझ्या बाईंना नाव सांगते" म्हणत असेल तर ते आजपासून बंद.

एक जुनी गोष्ट सांगते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. पोरांना आधी आपली जागा, आपली माणसं लागतात. तुम्हाला शाळा अंगणात आणता येणार नाही, पण वर्गातलं एक मूल आणता येईल. जवळपास राहणारं कुणी असेल तर त्याच्या आईला फोन करा, रविवारी दोघांना चिखलात खेळू द्या. सोमवारी वर्गात ओळखीचं एक तोंड दिसलं की निम्मं काम होतं.

घरी ठेवायचं का? नर्सरी सक्तीची नाही. पहिलीसाठी 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. एक वर्ष थांबलात तर तो पहिलीत जाईल तेव्हा साडेसहाच्या पुढे असेल. कसला मागे पडतोय! पण निर्णय रडण्यावरून घेऊ नका, रडणं थांबतं की नाही यावरून घ्या. तुम्ही गेल्यावर किती वेळ रडतो, हे बाईंना रोज खरं-खरं विचारा. थोड्या वेळात थांबून खेळायला लागत असेल तर चालू ठेवा. तासभर कोपऱ्यात बसून राहतो, पाणीही पीत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर खुशाल घरी आणा, फी गेली तर गेली.

श्टुटगार्टहून एक आई

ताईंचं वाचून आमच्या इथलं लिहावंसं वाटलं. जर्मनीत बालवाडीत मुलाला रुळवायची एक ठरलेली रीत आहे, आइनगेव्योनुंग म्हणतात. त्यातली बर्लिन पद्धत जास्त चालते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत वर्गात बसतात, तासभर थांबून दोघं घरी. या तीन दिवसांत मुलाला सोडून जायचं नाही. चौथ्या दिवशी मुलाला सांगून आई खोलीबाहेर जाते, फार तर अर्धा तास, पण इमारतीतच थांबते. तिथल्या वर्गाच्या ताईच्या कडेवर मूल शांत झालं तर वेळ वाढवत न्यायची, नाही झालं तर आई परत आत येते आणि पुढचे काही दिवस पुन्हा सोबत. बरेचदा दोन-तीन आठवडे जातात. मी कॉफीचा कप घेऊन त्या बुटक्या खुर्चीवर बसून कंटाळून गेले होते, नोकरीच्या रजा संपल्या त्या वेगळ्याच. पण आमची लेक शेवटी स्वतःहून मला "जा" म्हणाली.

तुमच्या शाळेला निदान आठवडाभर असं करू द्या म्हणून विचारून तर बघा.

नाशिककर आई

सगळ्यांचे खूप आभार. डब्याचा प्रयोग लगेच केला. दप्तराची चेन उघडली, झाकणापाशी गाडी अडली. झाकण दातात धरायला लागला, मग डबा माझ्याकडे सरकवून दुसरीकडे बघत बसला. सासूबाई समोरच होत्या. त्यांनीच कपाटातून ह्यांचा लहानपणीचा पितळी डबा काढला, टोपणासारखं सैल झाकण आहे. तोच देते आहे.

वर्गात बसू द्यायला शाळा तयार नाही. म्हणे एकीला बसवलं की सगळ्या आया बसतील. शू दाखवायला मात्र मावशी आनंदाने तयार झाल्या. सांगून निघते आहे. रडतो, पण ओढणी सोडतो. दूध उलटणं चालूच आहे, त्याचं काय करू?

बालवाडीवाल्या ताई

श्टुटगार्टच्या ताई, तुमची रीत मला पटते, पण माझ्याकडे चाळीस पोरं आणि एक मदतनीस. सगळ्या आया बसवल्या तर पोरांना जागा कुठली! आम्ही काय करतो, नवी मुलं एकदम घेत नाही. पाच-सहा घ्यायची, ती जरा स्थिरावली की पुढची पाच-सहा. सुरुवातीला वेळही अर्धाच. नाशिकच्या ताई, वर्गात बसणं नाही तर नाही, पण थोडे दिवस डब्यानंतर लगेच नेऊ का, एवढं मुख्याध्यापिकांना विचारा. याला शाळा सहसा नाही म्हणत नाहीत.

दुधाचं सोपं आहे. देऊ नका. घाबरलेल्या पोटात कपभर दूध राहत नाही. उठल्यावर निम्मं केळं किंवा कोरडी पोळी द्या, दूध संध्याकाळी. आणि गणवेश शेवटी चढवा, चप्पल-बूट घालायच्या वेळी. रविवारी किंवा शाळा नसलेल्या दिवशीही उलट्या होत असतील तर मात्र ते शाळेचं नाही, डॉक्टरांना दाखवा.

एक गंभीर गोष्ट, इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. सुरुवातीचं रडणं वेगळं. पण आनंदाने जाणारं मूल अचानक शाळेचं नाव काढू देईना, एखाद्या ठरावीक माणसाला किंवा जागेला घाबरायला लागलं, चड्डी बदलू देईना, अंगावर वळ दिसले, तर "नाटकं करतोय" म्हणून सोडू नका. त्याच दिवशी शांतपणे ऐकून घ्या, शब्द तोंडात घालू नका. 1098 हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, रात्रीही लागतो. आणि शाळेतून मुलाला कोण कोण नेऊ शकतं, त्यांची नावं-फोटो शाळेत आजच देऊन ठेवा.

आता पुढची परीक्षा आषाढीची. शाळेत बालदिंडी निघेल. सगळीकडे टाळांचा गजर, लाउडस्पीकर, अनोळखी पालकांची गर्दी, आणि ओळखीच्या बाई नऊवारीत, त्यामुळे ओळखू न येणाऱ्या. रुळत आलेली पोरं त्या दिवशी हमखास परत बिथरतात. तुम्हाला जमलं तर त्या दिवशी बरोबर चाला. आणि विठ्ठल करायचा म्हणून काळा रंग, मुकुट यांच्या मागे लागू नका. पांढरी टोपी घालू दिली तर घाला, नाही तर तसाच जाऊ दे.