साथीच्या काळात घरं स्वस्त होतात, हा भरवसा कशाच्या जोरावर?

रेवातीर:
'साथ आली की नोकऱ्या जातात, घरांचे भाव पडतात, तेव्हाच घर घ्यावं', हा सल्ला सर्रास दिला जातो. 2020 मध्ये नेमकं उलट घडलं. एप्रिलमध्ये अमेरिकेतली बेरोजगारी 14 टक्क्यांच्या वर गेली, तरी वर्षअखेरीस घरांचे भाव वाढलेलेच होते. तिथल्या मध्यवर्ती बँकेने मार्चमध्येच व्याजदर जवळजवळ शून्यावर आणला होता. 30 वर्षांच्या गृहकर्जाचा दर जानेवारी 2021 मध्ये 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला. त्यात अनोळखी माणसं घर बघायला येणार या धास्तीने अनेक मालकांनी घर विक्रीला काढलंच नाही. ज्यांचा पगार चालू होता त्यांना घरून कामासाठी आणखी एक खोली हवी झाली. ज्याची नोकरी गेली तो घर घेणाऱ्यांत नव्हताच. तो भाडं कसं भरायचं या विवंचनेत होता. साथ घराचा भाव पाडत नाही, घर असलेला आणि नसलेला यांच्यातली दरी वाढवते.

हिशेबनीस:
एका उदाहरणावरून नियम काढू नका. हाँगकाँगमध्ये 2003 साली सार्स या श्वसनरोगाच्या साथीच्या वेळी भाव पडलेच. अमॉय गार्डन्स या एकाच वसाहतीत 300 हून जास्त लोकांना लागण झाली, सांडपाण्याच्या पाइपांमधून विषाणू पसरला. अशा ठिकाणी घर कोण घेईल?

रेवातीर:
हाँगकाँगचे भाव 1997 पासूनच कोसळत होते, सार्स तर शेवटी आला. आणि साथ ओसरल्यावर, 2003 च्या उत्तरार्धात, बाजार वर वळला. भीतीने व्यवहार थांबतात हे मलाही मान्य आहे. पण थांबलेला बाजार आणि पडलेला बाजार एक नव्हे.

हिशेबनीस:
मग 2020 मधली भाववाढही साथीची नव्हे, स्वस्त कर्जाची म्हणा! दोष साथीला देता, आणि निर्णय बँकेचा.

शाल्मली:
तो निर्णय साथीमुळेच घेतला गेला ना? मला दुसरंच खटकतं. अमेरिकेत सरकारी पाठबळ असलेल्या गृहकर्जाचे हप्ते 180 दिवस थांबवता येत होते, मागितल्यास आणखी 180 दिवस. ते हप्ते बहुतेकांना कर्जाच्या शेवटी ढकलता आले. भाडेकरूला काय मिळालं? सप्टेंबर 2020 पासून 'घराबाहेर काढू नका' असा आदेश. भाडं माफ नव्हतं, थकबाकी साचतच गेली. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेशही थांबवला. भाड्याच्या मदतीसाठी सुमारे 46 अब्ज डॉलर मंजूर झाले होते, पण ते गरजूंच्या हाती पोचायला फार उशीर झाला.

चौथा_मजला:
भाडेकरूचं दुःख खरं आहे, पण घर भाड्याने देणारा प्रत्येक जण धनाढ्य नसतो. एकच जागा भाड्याने दिलेली, त्या भाड्यावरच औषधपाणी चालवणारी म्हातारी माणसं असतात. त्यांना मालमत्ता कर चुकला नाही, दुरुस्ती चुकली नाही, आणि भाडं मात्र बंद. सरकारने स्वतःची जबाबदारी अशा माणसांच्या गळ्यात टाकली. असं घर मग विकलं जातं, आणि भाड्याच्या घरांत आणखी एक कमी होतं.

शाल्मली:
पटलं. मदत थेट घरमालकाच्या खात्यात आणि पहिल्याच महिन्यापासून जायला हवी होती. दोघंही वाचले असते.

हिशेबनीस:
भाड्यांचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात 2020 मध्ये ती चांगलीच उतरली होती. तेव्हा भाडेकरूंचा फायदा झालाच.

रेवातीर:
2022 मध्ये ती आधीच्या उच्चांकाच्याही वर गेली. उतरलेल्या भाड्यात राहायला आलेल्यांना करार संपताच वाढीव आकडा सांगितला गेला. त्याच वर्षी गृहकर्जाचा दर 7 टक्क्यांपुढे गेला. 3 टक्क्यांच्या कायम दराचं कर्ज असलेला माणूस ते सोडून नव्या घरासाठी 7 टक्क्यांचं कशाला घेईल? म्हणून तो घर विकत नाही, आणि पहिलं घर शोधणाऱ्याला चढे भाव आणि चढं व्याज एकदम सोसावं लागतं. त्याला तुम्ही 'पुढच्या साथीपर्यंत थांब' सांगणार का?